निरीक्षण आणि निदान : यकृताच्या एमआरआय अहवालातील परिभाषेची चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा प्रतिशब्दांच्या शोधापासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. इंग्रजी संज्ञा समोर आली की तिला संस्कृतोद्भव पर्याय कोणता, एवढाच प्रश्न विचारला जातो. ती संज्ञा मूळ भाषेत तरी आपले कार्य यथायोग्य पार पाडते काय, तिच्या रूढार्थातून सुचणारी गोष्ट आणि तिच्या व्याख्येत बांधलेली गोष्ट यांत अंतर आहे काय, हे प्रश्न क्वचितच उपस्थित होतात. वस्तुतः परिभाषेच्या चिकित्सेचा आरंभ येथूनच व्हावयास हवा. सदोष संज्ञेचे निर्दोष भाषांतर केल्याने दोष जात नाही. तो केवळ दुसऱ्या भाषेत जाऊन बसतो.

या दृष्टीने तपासण्याजोगे एक उदाहरण वैद्यकाच्या क्षेत्रात उपलब्ध आहे. यकृतात आढळणाऱ्या विकृतींचे निदान करण्यासाठी शिरेतून विशिष्ट द्रव्य देऊन चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमाचित्रण, म्हणजे रूढ भाषेत एमआरआय, केले जाते. या प्रतिमांचे वर्णन कोणत्या शब्दांत करावे आणि त्या वर्णनावरून कोणता निष्कर्ष काढावा, याची एक पद्धती अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेने २०११ साली प्रथम प्रसिद्ध केली. 'लाय-रॅड्स' या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. निदानविषयक अशा तिच्या २०१८ च्या आवृत्तीस यकृतविकारांच्या अभ्यासकांच्या अमेरिकन संघटनेने त्याच वर्षी आपल्या मार्गदर्शनात स्थान दिले. प्रस्तुत विवेचन या आवृत्तीच्या शब्दकोशापुरते मर्यादित आहे. तिच्या वैद्यकीय उपयुक्ततेचा निवाडा करणे हा येथील हेतू नव्हे; तिची भाषा तिच्याच उद्दिष्टांशी कितपत प्रामाणिक राहते, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ शब्दप्रेमी मंडळींच्या कुतूहलाचा नाही. शरीरातील बहुतेक गाठींच्या बाबतीत कर्करोगाचे निदान ऊतीचा तुकडा काढून, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, मगच निश्चित केले जाते. यकृतपेशीजन्य कर्करोग हा या नियमाचा महत्त्वाचा अपवाद होय. सिरोसिस झालेल्या रुग्णाच्या यकृतात ठरावीक लक्षणे दाखविणारी विकृती आढळली, तर बायॉप्सी न करताच कर्करोगाचे निदान मान्य केले जाते व उपचार सुरू होतात. अमेरिकेत तर अशा निदानाच्या आधारे यकृतरोपणाच्या प्रतीक्षायादीतील रुग्णाचे स्थानही बदलू शकते. सूक्ष्मदर्शकाने जे सांगावयाचे ते येथे अहवालातील शब्द सांगतो. तेव्हा त्या शब्दाची पारख ऊतीच्या तुकड्याइतक्याच काळजीने व्हावयास हवी.

२

परिभाषेकडे वळण्यापूर्वी ही प्रतिमा मुळात काय दाखविते, हे पाहणे अवश्य आहे. क्ष-किरणांच्या चित्रणात शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त द्रव्य स्वतःच किरण अडविते आणि म्हणून स्वतःच दिसते. एमआरआयमध्ये तसे घडत नाही. येथे दिले जाणारे द्रव्य बहुधा गॅडोलिनियमचे संयुग असते. गॅडोलिनियमच्या त्रिसंयुजी आयनात सात अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या प्रभावाने भोवतालच्या पाण्यातील हायड्रोजन-केंद्रके चुंबकीय क्षेत्रात आपल्या मूळ स्थितीवर लवकर परततात, आणि त्यामुळे तो भाग प्रतिमेत उजळ दिसतो. म्हणजे जे दिसते ते द्रव्य नव्हे; द्रव्याच्या सान्निध्याने पाण्यात झालेला पालट दिसतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. संगणकीय क्ष-किरण चित्रणात पाण्याला शून्य मानणारी हौन्सफील्ड यांच्या नावाची मापनश्रेणी आहे. त्यामुळे तेथे ऊतीच्या घनतेविषयी काही एक निरपेक्ष विधान करता येते. एमआरआयच्या नेहमीच्या प्रतिमेतील उजळपणाला असे निरपेक्ष परिमाण नाही. एखादा भाग 'उजळ' किंवा 'मंद' म्हणावयाचा तो शेजारच्या भागाच्या तुलनेने. भाषेच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचित वाटेल. चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगभूत द्रव्यात नसून इतर चिन्हांशी असलेल्या भेदात आहे, हा सोस्यूर यांचा सिद्धांत १९१६ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून सर्वत्र पसरला. यकृताची प्रतिमा ही अशीच भेदांची व्यवस्था आहे.

या भेदाला काळाचेही परिमाण आहे. निरोगी यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त प्रतिहारी शिरेतून आणि उरलेले यकृत-रोहिणीतून मिळते. यकृतपेशीजन्य कर्करोगाची गाठ मात्र मुख्यतः रोहिणीच्या रक्तावर पोसली जाते. त्यामुळे द्रव्य दिल्यानंतर सुमारे अर्ध्या मिनिटाने, म्हणजे रोहिणी-अवस्थेत, गाठ भोवतालच्या यकृतापेक्षा उजळून उठते. आणि पुढे मिनिटभराने येणाऱ्या प्रतिहारी अवस्थेत, किंवा त्याहीनंतर, ती बहुधा यकृतापेक्षा मंद दिसू लागते. हेमॅन्जिओमा या रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठीचा क्रम निराळा असतो. तिची कड प्रथम तुटक ठिपक्यांनी उजळते आणि तो उजळपणा सावकाश आत सरकत जातो. निदान होते ते एका प्रतिमेवरून नव्हे, तर प्रतिमांच्या क्रमावरून. जसा अर्थ सुट्या पदावरून नव्हे, तर वाक्यातील पदक्रमावरून लागतो.

३

अशा संबंधनिष्ठ वस्तूचे वर्णन करू पाहणाऱ्या शब्दकोशाचा पहिला गुण म्हणजे त्याने आपला विषय कसा नामांकित केला आहे हा होय. रेडिऑलॉजीच्या अहवालात 'लीजन' हा शब्द पूर्वापार रूढ आहे. लाय-रॅड्सने मूळ संज्ञा म्हणून तो न घेता 'ऑब्झर्व्हेशन', म्हणजे 'निरीक्षण', ही संज्ञा योजिली. भोवतालच्या यकृतापेक्षा वेगळा दिसणारा कोणताही भाग म्हणजे निरीक्षण. तो खरोखर विकृती असेल, किंवा रक्तप्रवाहातील स्थानिक फरकामुळे निर्माण झालेला नुसता भासही असेल. 'विकृती' म्हटले की ती आहे हे आधीच गृहीत धरले जाते. 'निरीक्षण' म्हटले की पाहणाऱ्याने काही पाहिले, एवढेच विधान उरते. परिभाषेने प्रश्नाच्या उत्तराला प्रश्नाच्या नावातच जागा देऊ नये, हे तत्त्व येथे कटाक्षाने पाळले गेले आहे.

दुसरा गुण संशयाच्या व्यवस्थेत आढळतो. एखादे लक्षण आहे की नाही याविषयी शंका असेल, तर ते नाही असे धरावे, असा नियम आहे. दोन वर्गांपैकी कोणता निवडावा हे ठरत नसेल, तर ज्यात निश्चितता कमी तो निवडावा. तसेच प्रमुख लक्षणे आणि गौण लक्षणे यांचे अधिकार वेगळे केले आहेत. रोहिणी-अवस्थेतील कडेपुरती मर्यादित नसलेली अधिक उजळता, आकार, नंतरची मंदता, भोवतीचे वेष्टन आणि सहा महिन्यांच्या आत आकारात झालेली निदान पन्नास टक्के वाढ ही प्रमुख लक्षणे होत. गौण लक्षणांच्या आधारे निरीक्षणाचा वर्ग एका पायरीने वर नेता येतो. परंतु चौथ्या वर्गातून पाचव्यात, म्हणजे 'निश्चित कर्करोगा'त, मात्र नेता येत नाही. साहाय्यक साक्षीदारांच्या जबानीवर अंतिम निकाल देऊ नये, असाच हा दंडक म्हणावा लागेल.

तिसरा गुण संदर्भाच्या मर्यादेचा. ही सारी वर्गवारी सिरोसिस, दीर्घकालीन ब-प्रकारची कावीळ किंवा पूर्वी झालेला यकृतपेशीजन्य कर्करोग असलेल्या प्रौढ रुग्णांपुरतीच आहे. अठरा वर्षांखालील रुग्ण, तसेच रक्तवाहिन्यांच्या विकारांतून उद्भवलेला सिरोसिस असलेले रुग्ण, तिच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. त्याचे कारण उघड आहे. रोहिणी-अवस्थेत उजळणारी व नंतर मंदावणारी गाठ सिरोसिस झालेल्या यकृतात बहुधा कर्करोग असते. निरोगी यकृतात मात्र तेच चित्र यकृतपेशींच्या ॲडिनोमाचे, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठीचेही असू शकते. एकच शब्द प्रकरणानुसार भिन्न अर्थ देतो, हे शब्दशास्त्रातले जुने निरीक्षण येथे रुग्णाच्या आयुष्याशी येऊन भिडते.

४

या गुणांच्या पार्श्वभूमीवर दोन प्रमुख संज्ञांतील दोष अधिकच खटकतो. त्या संज्ञा म्हणजे 'वॉशआउट' आणि 'कॅप्सूल'. पहिली गाठ नंतर मंद दिसू लागण्याला दिलेली आहे, दुसरी तिच्या भोवती उशिराच्या अवस्थांत दिसणाऱ्या नितळ, उजळ वलयाला. गंमत अशी की खुद्द २०१८ च्या आवृत्तीतच हे दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत छापलेले आहेत. आकार, वाढ या लक्षणांना ती चिन्हे नाहीत. कोशकाराने आपल्याच संज्ञेभोवती अवतरणचिन्हे घालणे म्हणजे शब्द हाताशी आहे म्हणून वापरला, त्याच्या शब्दशः अर्थाची जबाबदारी घेतलेली नाही, असे सांगणे होय.

ही सावधगिरी निष्कारण नाही. 'वॉशआउट' हा शब्द धुवून निघून जाण्याची क्रिया सांगतो: द्रव्य गाठीत शिरले आणि रक्ताबरोबर बाहेर वाहून गेले. व्याख्या मात्र एवढेच म्हणते, की आधी दिसलेला उजळपणा यकृताच्या तुलनेने कमी होऊन तो भाग शेवटी यकृतापेक्षा मंद दिसतो. शब्दात प्रक्रिया आहे, व्याख्येत केवळ तुलना आहे. हे अंतर किती मोठे आहे, ते अन्वयव्यतिरेकाच्या जुन्या कसोटीने दाखविता येते.

गॅडॉक्सेटेट नावाचे द्रव्य २००८ साली अमेरिकेत मान्यता पावले. नेहमीची द्रव्ये रक्तात आणि पेशींबाहेरील जागेत राहून मूत्रपिंडावाटे निघून जातात. या द्रव्याचा मात्र सुमारे निम्मा भाग यकृतपेशी स्वतः ओढून घेतात व पित्तावाटे बाहेर टाकतात. यामुळे सुमारे वीस मिनिटांनी घेतलेल्या प्रतिमेत कार्यक्षम यकृतपेशींनी भरलेला भाग चांगलाच उजळतो आणि ज्यात तशा पेशी नाहीत असा भाग त्यावर काळसर उठून दिसतो. परंतु हे उजळणे विसाव्या मिनिटाला एकाएकी होत नाही. दोन ते पाच मिनिटांच्या संक्रमण-अवस्थेतच ते सुरू झालेले असते. त्या वेळी एखादी गाठ मंद दिसली, तर ती स्वतः रिती झाली म्हणून की भोवतालचे यकृत भरून आले म्हणून, हे प्रतिमेवरून सांगता येत नाही. निरुपद्रवी हेमॅन्जिओमादेखील या अवस्थेत मंद दिसू शकतो. धुवून जाणे घडलेले नसतानाही 'वॉशआउट' दिसते. म्हणजे शब्दाचा आणि वस्तूचा अन्वय येथे तुटला.

लाय-रॅड्सने यावर काढलेला उपाय असा, की गॅडॉक्सेटेट वापरले असता 'वॉशआउट' फक्त प्रतिहारी अवस्थेतच मोजावे. उपाय व्यवहार्य आहे. पण शब्द बदललेला नाही, शब्दाला आणखी एक अपवाद जोडला आहे. आणि अपवाद सर्वत्र एकच नाही. कोरियातील यकृतकर्करोग संघ आणि राष्ट्रीय कर्करोग केंद्र यांच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी काही अटींवर नंतरच्या अवस्थांतील मंदताही 'वॉशआउट' म्हणून ग्राह्य धरली. एकाच वर्षी, एकाच द्रव्याच्या, एकसारख्याच प्रतिमेला एका देशात हा शब्द लागू पडतो, दुसऱ्या देशात पडत नाही. दोन्ही बाजूंना वैद्यकीय कारणे आहेत. जेथे प्रतिमेच्या निकालावर रोपणाचे दुर्मिळ यकृत द्यावयाचे, तेथे चुकून 'होय' म्हणणे महाग पडते. जेथे लहान कर्करोग वेळीच पकडण्यावर भर आहे, तेथे चुकून 'नाही' म्हणणे महाग पडते. मतभेदाला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो हा, की निर्णयातील हा फरक एका निसर्गक्रियेच्या नावाआड झाकला जातो. 'धुवून गेले' असे म्हटले की ते घडले किंवा नाही घडले, एवढेच दोन पर्याय वाचकापुढे उरतात. ते कोणत्या देशाच्या नियमाने मोजले, हा प्रश्न त्याला सुचतच नाही.

'कॅप्सूल'ची कथा याहून संक्षिप्त आहे. विकृतिशास्त्रात हा शब्द तंतुमय ऊतीच्या खऱ्या वेष्टनासाठी राखलेला आहे. प्रतिमेत दिसणारे वलय कधी तसे वेष्टन असते, तर कधी दाबल्या गेलेल्या यकृत-ऊतीने व रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांनी बनलेले नुसते वेष्टनसदृश असे असते. प्रतिमा पाहणाऱ्याने सूक्ष्मदर्शकवाल्याचा शब्द उसना घेतला आहे, आणि दोघे एकाच रुग्णालयात तो भिन्न अर्थांनी वापरतात.

यावर 'मग दिसण्याचे सरळ नाव द्या' असे म्हणणे सोपे आहे. परंतु कोशकारांची अडचणही लक्षात घ्यावयास हवी. वेष्टनाला 'उजळ कड' म्हणावे, तर रोहिणी-अवस्थेत केवळ कडेने उजळणे हे एक वेगळेच लक्षण आहे, आणि ते यकृतपेशीजन्य कर्करोगापेक्षा अन्य कर्करोगाकडे बोट दाखविते. तेव्हा नवी संज्ञा केवळ रूपवाचक असून भागणार नाही; तीत काळही यावा लागेल. 'उत्तरकालीन वलय' आणि 'उत्तरकालीन मंदता' अशा धर्तीच्या संज्ञा हे काम करू शकतील. त्या नीरस आहेत, हाच त्यांचा गुण होय. अवतरणचिन्हे प्रामाणिक असली तरी दुबळी असतात: ती उच्चारली जात नाहीत. तोंडी चर्चेत, दूरध्वनीवर, भाषांतरात प्रथम गळून पडतात ती तीच.

५

आणखी एक आक्षेप क्रियाविशेषणांविषयीचा आहे. वर्ग १ 'निश्चितपणे निरुपद्रवी', वर्ग २ 'बहुधा निरुपद्रवी', वर्ग ३ 'मध्यम संभाव्यता', वर्ग ४ 'बहुधा यकृतपेशीजन्य कर्करोग', वर्ग ५ 'निश्चितपणे यकृतपेशीजन्य कर्करोग', अशी ही श्रेणी आहे. वाचणाऱ्याला वाटावे, की मध्यापासून दोन्ही दिशांना अंतर सारखेच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित पुनरावलोकनात वर्ग २ मधील सुमारे १६, वर्ग ३ मधील ३७, वर्ग ४ मधील ७४ आणि वर्ग ५ मधील ९४ टक्के निरीक्षणे यकृतपेशीजन्य कर्करोगाची निघाली. या आकड्यांना मर्यादा आहेत. ज्यांची पुढे खातरजमा झाली अशीच निरीक्षणे अशा अभ्यासांत येतात, आणि खातरजमा करावी असे वाटते ती संशयास्पद निरीक्षणांचीच. त्यामुळे खालच्या वर्गांतील प्रमाण फुगलेले असण्याचा संभव आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. 'बहुधा' हा शब्द दोन बाजूंना समान वजनाचा नाही, आणि 'निश्चितपणे' म्हणजे शंभरापैकी शंभर नव्हे.

यावरून वर्गवारीच निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ९४ टक्के ही निदानाच्या व्यवहारात भक्कम खात्री आहे. परंतु या पद्धतीत वर्गाचा अंक हाच खरा पारिभाषिक शब्द होय. क्रियाविशेषण हे त्याचे लौकिक भाषेतील ढोबळ रूप आहे. अंकाला पूर्वार्थ नसतो, तो व्याख्येवाचून बोलत नाही. 'निश्चितपणे' या शब्दाला मात्र कोशाबाहेरचा सारा लोकव्यवहार चिकटलेला आहे. अहवाल एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत अंक पुरेसा आहे. तो रुग्णाच्या हाती पडतो, तेव्हा क्रियाविशेषणच वाचले जाते.

६

येथे मराठीचा संबंध येतो. महाराष्ट्रात असे अहवाल सामान्यतः इंग्रजीत लिहिले जातात आणि त्यांचा अर्थ मराठीत सांगितला जातो. सांगणारा कधी डॉक्टर असतो, कधी घरातला शिकलेला मुलगा. अशा वेळी 'ऑब्झर्व्हेशन' असो वा 'लीजन', बहुधा एकच शब्द पुढे येतो: 'गाठ'. 'लिव्हरमध्ये गाठ निघाली' हे वाक्य मराठी कानाला कर्करोगाचे वाक्य वाटते. 'डाग' हा पर्यायही ऐकू येतो. तो सौम्य आहे, पण तोही काहीतरी बिघडले आहे असेच सांगतो. ज्या संज्ञेच्या निवडीत मूळ कोशकारांनी सर्वांत अधिक विवेक दाखविला, तीच भाषांतरात सर्वप्रथम नष्ट होते. उलट 'वॉशआउट' आणि 'कॅप्सूल' या सदोष संज्ञा जशाच्या तशा मराठीत उतरतात; त्यांची अवतरणचिन्हे मात्र वाटेत हरवतात.

यावर उपाय म्हणून 'विक्षत' यासारखा घडीव शब्द पुढे करणे पुरेसे नाही. तो कोशात शोभतो, पलंगाशेजारी उच्चारता येत नाही. साधी मराठी येथे अधिक कामाची आहे. 'यकृताचा एक भाग बाकीच्यापेक्षा वेगळा दिसतो आहे; तो काय आहे हे अजून ठरलेले नाही' या वाक्यात निरीक्षणाची संपूर्ण व्याख्या आली आहे. पारिभाषिक शब्दाऐवजी वाक्य वापरावे लागणे हा भाषेचा दुबळेपणा नव्हे. निदान तिसऱ्या वर्गात असताना ज्याला घरी जाऊन सहा महिने पुढच्या तपासणीची वाट पाहावयाची आहे, त्याच्यासाठी 'गाठ' आणि 'वेगळा दिसणारा भाग' यांतील अंतर हे त्या सहा महिन्यांचे अंतर आहे.

शब्द रुग्णाच्या कानावर कसा पडतो याची दखल घेणे या शास्त्राला नवे नाही. या तंत्राच्या आरंभीच्या नावात 'न्यूक्लिअर' हा शब्द होता, कारण तेथे स्पंदन अणुकेंद्रकाचेच असते. शास्त्रदृष्ट्या तो अचूक होता. तरीही १९८० नंतरच्या दशकात तो गळाला, कारण त्या शब्दाने लोकांना किरणोत्सर्गाची भीती वाटू लागली होती. अचूक शब्द भीतीपोटी सोडता येतो, तर अचूक नसलेला शब्द सत्यापोटी सोडणे अशक्य नसावे.

सारांश, लाय-रॅड्सचा शब्दकोश जेथे पाहिलेल्याचे नाव पाहिलेल्यावरूनच ठेवतो, आणि संशयाला नियमाने जागा देतो, तेथे तो कोणत्याही शास्त्राच्या परिभाषेला आदर्श ठरावा असा आहे. जेथे तो दिसलेल्याला घडलेल्याचे नाव देतो, तेथे अपवाद, तळटिपा आणि अवतरणचिन्हे यांचा आधार त्याला घ्यावा लागतो. मराठीत ही परिभाषा आणू पाहणाऱ्याने त्यातील पहिला भाग उचलावा आणि दुसऱ्याची दुरुस्ती करूनच त्याला प्रवेश द्यावा. ऊतीच्या तुकड्याऐवजी जेथे शब्दावर विसंबावयाचे, तेथे शब्दाने आपण जेवढे पाहिले त्याहून अधिक बोलू नये.